‘मध्यम दुर्मिळ’ मटण आणि धान्याच्या विरुद्ध सुरी

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

पत्र चार महिने उशिरा लिहितोय त्याबद्दल आधीच माफी मागतो, पण त्यात माझी एकट्याची चूक नाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी स्टेक डिनर, सोबत भाजी आणि सॉस’ ही रेसिपी (स्टेक म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड काप) आली ती श्रावणात. ऐन श्रावणात हो! आमच्याकडे खान्देशात निम्म्या घरांमध्ये तेव्हा अंड्याचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं डोळे वटारतात, आणि तुमच्या पानावर मोठ्ठा रंगीत फोटो, काळ्या तव्यावर लालबुंद मटण. मग श्रावण गेला, गणपती आले, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, मध्ये मध्ये रविवारी मटण झालं पण ते आपलं नेहमीचं काळ्या मसाल्याचं, तुमचं कात्रण मात्र मी कपाटात लाइट बिलांच्या फाइलमध्ये जपून ठेवलं होतं. डिसेंबरात नात आली नाशिकहून सुट्टीला, तिला म्हटलं चल, करू या.

मी भुसावळला राहतो, मूळ गाव अमळनेर तालुक्यात. रेल्वेत लोको शेडला फिटर होतो, रिटायर होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रविवारचं मटण माझ्याकडे. फिटर माणसाला एक सवय असते, कागदावर जे लिहिलंय ते तसंच करायचं, बोल्टला किती टॉर्क म्हटलंय तितकाच द्यायचा, स्वतःचं डोकं नंतर चालवायचं. म्हणून तुमची रेसिपी आम्ही शब्दाला शब्द धरून केली, आणि तिथेच घात झाला.

पहिलं म्हणजे रेसिपीत ‘स्टेकचे दोन तुकडे घ्या’ एवढंच लिहिलेलं. कशाचे ते नाही. आता मूळ पदार्थ गोऱ्या साहेबांचा, तो बीफचा, हे मला माहीत आहे, लहानपणी भुसावळात रेल्वेचे अँग्लो इंडियन ड्रायव्हर होते आणि त्यांच्या क्वार्टरमागून जाताना जो वास यायचा तो अजून आठवतो. माझे वडील स्टीम इंजिनवर फायरमन. ते सांगायचे की एक ड्रायव्हर साहेब डब्यातून ‘अंडरकट’ म्हणजे मांसाचा मऊ तुकडा आणायचा आणि कोळसा ओढायचं फावडं पाण्याने धुऊन, भट्टीच्या तोंडात तापवून त्याच्यावर भाजायचा, आणि वडील त्याच फावड्यावर वांगं भाजायचे. पण आपल्या महाराष्ट्रात गायीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती आणि २०१५ पासून बैल आणि वळूसुद्धा त्यात आले, म्हशीचं चालतं, पण ते आमच्या घरात येत नाही. मग वाचकाने काय समजायचं? एक ओळ टाकली असती की बकऱ्याच्या मांडीचं घ्या, तर काय कागद महाग झाला असता का. आम्ही आपलं आमच्या मनाने बकऱ्याचं घेतलं.

खाटकाकडे गेलो, म्हटलं मांडीतला बिनहाडाचा गोळा दे आणि दीड इंच जाडीचे दोन काप कर. तो सत्तूर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. ‘काका, रश्श्याचं का बिर्याणीचं?’ मी म्हटलं स्टेकचं. तो म्हणाला तसा कट आपल्याकडे नसतो, पण दिले कापून. जाता जाता एक गोष्ट बोलला, ती मी तेव्हा कानामागे टाकली, ती पुढे सांगतो.

आता तुमची भाषा. ‘मांस मध्यम दुर्मिळ होईपर्यंत शिजवा.’ हे वाक्य मी, नात, मुलगा आणि सूनबाई अशा चौघांनी चारदा वाचलं. माझी बायको म्हणाली, मटण दुर्मिळच आहे, भाव बघा. नातीला पाच मिनिटांनी उलगडा झाला आणि ती सोफ्यावर आडवी पडून हसायला लागली, म्हणे आजोबा हे मीडियम रेअर आहे, म्हणजे आतून थोडं कच्चं, लालसर ठेवायचं! रेअरचा दुसरा अर्थ दुर्मिळ, कॉम्प्युटरने ट्रान्सलेट केलंय! मग काय, पुढची सगळी रेसिपी आम्ही कोडं सोडवल्यासारखी सोडवली. ‘जड मलाई’ म्हणजे हेवी क्रीम. ‘तव्याची चकाकी काढा’ म्हणजे डिग्लेझ, ते काय ते पुढे सांगतो. ‘लोण्याची एक मूठ’, ही बहुतेक दरवाज्याची मूठ असावी, इंग्रजीत तिला नॉब म्हणतात, म्हणजे बटरचा एक छोटा गोळा. आणि सगळ्यात कहर, ‘वाढताना धान्याच्या विरुद्ध कापा.’ आईने विचारलं गहू का ज्वारी.

संपादक साहेब, हसण्यावारी नेलं असतं, पण गंमत अशी की जिथे जिथे तुमचं भाषांतर घसरलंय, नेमकं तिथेच त्या पदार्थाचं मर्म होतं. ते कळायला आम्हाला तीन रविवार आणि दीड-दोन किलो मटण लागलं.

शतावरीचं सांगतो. साइडची भाजी म्हणून तुम्ही लिहिलं ‘२०० ग्रॅम कोवळी शतावरी लोण्यात परतून घ्या’. भुसावळच्या भाजी बाजारात विचारलं तर भाजीवाली म्हणाली ते काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. गेलो. त्याने वाळलेल्या मुळ्या दाखवल्या आणि पावडरचं पाकीट दाखवलं, आणि फार मायेने विचारलं, घरी कोणी बाळंतीण आहे का. मी ६४ वर्षांचा माणूस, काय सांगू त्याला, की स्टेकसोबत खायची आहे? घेतलं एक पाकीट. मुलाने घरी मोबाइलवर बघितलं तर एस्पॅरॅगस आणि आपली शतावरी एकाच कुळातल्या, नावातही भाऊबंद, पण त्यांच्या झाडाचे कोवळे कोंब खातात आणि आपल्या झाडाच्या मुळ्या औषधाला वापरतात. कॉम्प्युटरच्या हिशेबाने तो बरोबर. ताटातल्या माणसाच्या हिशेबाने काय?

पहिल्या रविवारी त्यामुळे भाजी नाहीच झाली, नुसतं मटण. रेसिपीप्रमाणे मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल मुलाने पुण्याहून आणलेलं होतं ते ‘धूर निघेपर्यंत तापवलेल्या’ तव्यात ओतलं, आणि मग जो धूर झाला साहेब, शेजारचे भाऊ पाण्याची बादली घेऊन जिन्यात. ‘प्रत्येक बाजू तीन मिनिटं’ म्हटलं होतं. तीन मिनिटं कशाला? अर्ध्या इंचाला का दोन इंचाला? कुठल्या गॅसवर? शेडला एखाद्या जॉब कार्डवर असं लिहिलं असतं तर साहेबाने तोंडावर फेकलं असतं. वरून कोळसा, आतून गार, आणि ताटात घेऊन कापलं तर सगळं लाल पाणी ताटभर. माझी आई ८४ वर्षांची, ती ताटाकडे बघून म्हणाली, ‘हाई ते कच्चंच शे व माय!’ आणि ताट सरकवलं. नातीने एक तुकडा बराच वेळ चावला आणि हळूच कागदात काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी बायकोने त्या स्टेकचे बारीक तुकडे केले, कुकरला सहा शिट्ट्या दिल्या आणि काळ्या मसाल्याचा रस्सा केला, तो मात्र भाकरीशी मस्त लागला.

पण मला झोप लागेना. मशीन चालत नसेल तर कारण सापडेपर्यंत फिटरला चैन पडत नाही.

सोमवारी परत खाटकाकडे. तेव्हा त्याचं आदल्या दिवशीचं वाक्य आठवलं, तो म्हणाला होता, ‘काका, हे आज नका करू, एक दिवस फ्रीजला ठेवा.’ आता नीट विचारलं. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचं मांस आखडतं, ताठ होतं, आणि मग हळूहळू परत सैल पडत जातं. आपण सकाळी कापलेलं दुपारी रांधतो, आपल्याला फरक पडत नाही कारण आपण तास-दीड तास शिजवतो किंवा कुकरला लावतो. तिकडे बीफ दोन-दोन, चार-चार आठवडे थंडीत मुरवतात आणि मग पाच-सात मिनिटांत तव्यावर करतात. म्हणजे आपण ताजं मटण घ्यायचं आणि त्यांच्या घड्याळाने शिजवायचं, हे कसं जमणार? आणि मांडी हा बकऱ्याचा चालता-पळता भाग, त्यात चिवट धागे जास्त, ते मऊ व्हायला वेळ नाहीतर दुसरं काहीतरी लागतं. ते दुसरं म्हणजे कच्ची पपई. शहाद्याकडे पपईचे मळेच्या मळे आहेत, आमच्या बाजारात कच्ची पपई कधीही मिळते, अर्ध्या किलोला चमचाभर वाटून दीड तास लावली की काम होतं, रात्रभर लावू नका, वरचा थर पिठासारखा होतो, हे दुसऱ्या रविवारी शिकलो.

दुसऱ्या रविवारचं फार सांगत नाही. पपई जास्त झाली, संपलं.

तिसऱ्या वेळी मात्र मी तयारीने उतरलो. शनिवारी मटण आणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. तुम्ही लिहिलंय ‘मांस खोलीच्या तापमानाला येऊ द्या’, डिसेंबर होता म्हणून ठीक, अर्धा तास बाहेर ठेवलं. पण साहेब, हीच पुरवणी मे महिन्यात आली असती तर? भुसावळची मेमधली खोली म्हणजे पारा ४५ ला टेकलेला, त्या खोलीच्या तापमानाला मटण आणायचं म्हणजे ते स्वतःच चालत बाहेर जाईल.

तवा. बायकोने भाकरीचा तवा द्यायला साफ नकार दिला, मटण त्याच्यावर चढणार नाही म्हणाली, रास्तच आहे. बाजारातून बिडाचा जाड तवा आणला. बीड मला नवीन नाही, आयुष्य गेलं बिडाच्या ब्रेक ब्लॉकमध्ये. तापायला वेळ लागतो पण एकदा तापलं की गार मटण टाकलं तरी उष्णता धरून राहतं, पातळ नॉनस्टिक लगेच थंड पडतो आणि मटण भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडायला लागतं.

आणि मीठ. दहा मिनिटं हा सगळ्यात वाईट वेळ, हे मी प्रयोग करून सांगतो. मीठ लावलं की पाणी बाहेर येतं, दहा मिनिटांनी ते सगळं वरती साचलेलं असतं. एकतर मीठ लावून लगेच तव्यावर टाका नाहीतर तासभर आधी लावा, म्हणजे ते खारट पाणी परत आत मुरतं. आणि टाकायच्या आधी सुती फडक्याने कोरडं टिपून घ्या. पाणी शंभर डिग्रीला उकळतं, आणि भाजल्याचा तो जो खमंग तपकिरी रंग असतो तो साधारण १४० च्या पुढे येतो, त्यामुळे वर ओल असेल तोपर्यंत तवा कितीही लाल करा, रंग येत नाही. या रंगाचं शास्त्र मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली मांडलं असं नात सांगत होती. बायको म्हणाली, काळ्या मसाल्याला कांदा-खोबरं भाजताना पाण्याचा थेंब पडू देत नाही ते काय उगाच?

तेलाचंही तिनेच सोडवलं. ऑलिव्ह ऑइल बाजूला ठेवलं, रिफाइंड शेंगदाणा तेल घेतलं, आणि लोणी सुरुवातीला नाहीच, कारण त्यातला दुधाचा भाग जळून काळा होतो. शेवटच्या मिनिटाला तूप, लसूण ठेचून आणि चिमूटभर ओवा. तुमच्यात ‘थाइम’ नावाचा विलायती पाला लिहिला होता, तो भुसावळला कुठून आणणार, पण त्याचा वास घेतला असेल त्याला ओवा ओळखू येईल, दोन्हीत थायमॉल हेच द्रव्य आहे. हे मात्र जमलं हां, एकदम.

आता तुमचं ते ठळक अक्षरातलं वाक्य, ‘मोठ्या आचेवर भाजल्याने रस आत कोंडला जातो.’ मी यावर अडून बसलो. तव्यावर मटण टाकल्यावर चर्रर्र आवाज येतो तो कशाचा? पाणी बाहेर येऊन वाफ होण्याचा ना? मग कोंडलं काय? दिवाळीला बायकोने फराळासाठी डिजिटल काटा घेतलाय, त्याच्यावर दोन काप मोजले, एक २१० ग्रॅम, एक २०८. पहिला आधी कडकडीत भाजला मग मंद आचेवर झाकून आतपर्यंत नेला. दुसरा उलटा, आधी मंद आचेवर आणि शेवटी कडकडीत. दोन्ही उतरवून मोजले, दोन्ही १६८-१६९. कोंडाकोंडी काही नाही. ही समजूत लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टची, एकोणिसाव्या शतकातली, ती केव्हाच खोटी ठरली आहे आणि तरी जगभर छापली जाते म्हणे. मोठी आच लागते ती रंगाला आणि चवीला. रस वाचतो तो वेळेवर उतरवल्याने.

वेळेवर म्हणजे कधी? इथे तुमच्या रेसिपीत जे आहे त्याला मी चूक म्हणणार नाही, धोका म्हणेन. ‘आतील तापमान १४५ अंश झाल्यावर उतरवा.’ मुलाने ऑनलाइन मागवलेलं सुईचं थर्मामीटर मी मटणात खुपसून उभा, साठ झाले, सत्तर झाले, ऐंशी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला तोवर त्या कापाचं लाकूड झालं होतं. अहो ते फॅरनहाइट! १४५ फॅरनहाइट म्हणजे आपले ६३. मटणात पाणी आहे तोवर आत शंभरच्या वर काटा जाणारच नाही, १४५ सेल्सियस व्हायची वाट बघितली असती तर लगदाही नाही, कोळसाच हाती आला असता. अमेरिकेच्या सरकारी सल्ल्यात अख्ख्या तुकड्याला ६३ डिग्री आणि वर तीन मिनिटं थांबा असं आहे, खिम्याला ७१, कोंबडीला ७४. ते मध्यम दुर्मिळ का काय ते त्याच्याही खाली, ५५-५७ च्या आसपास, ते आमच्या घरात चालणार नव्हतंच. एक अक्षर, ‘फॅ’, एवढं छापायचं राहिलं.

पुढचा काप मी ५९ ला उतरवला. का, तर लोखंड बाहेरून तापवलं की आच काढल्यावरही उष्णता आत सरकत राहते, बेअरिंग गरम करून बसवणाऱ्याला हे विचारा. मटणाचंही तसंच, ताटलीत ठेवल्या ठेवल्या काटा ६३ वर गेला. आणि इथे तुमची ती ‘मांसाला सात मिनिटं विश्रांती द्या’. पहिल्या दिवशी बायको म्हणाली होती, द्या की, चादर पांघरा त्याला. आम्ही हसलो आणि लगेच कापलं, म्हणून तर ताटभर पाणी झालं होतं. सात मिनिटं थांबलं की आतला रस थोडा निवतो, घट्ट होतो, आणि सुरी लावल्यावर पळत नाही. आणि ते लाल पाणी रक्त नव्हे, रक्त खाटकाकडेच गेलेलं असतं, तो मांसातला मायोग्लोबिन नावाचा रंग. हे मी आईला समजावून सांगितलं. तिला पटलं नाही, पण या वेळी ताट सरकवलं नाही.

कारण या वेळी ‘धान्याच्या विरुद्ध’ कापलं होतं ना! मटणाच्या कापाकडे नीट बघितलं तर लाकडासारखे उभे धागे दिसतात. इंग्रजीत त्याला ग्रेन म्हणतात आणि धान्यालाही ग्रेनच, झालं, कॉम्प्युटरने पोतं ओतलं. त्या धाग्यांना आडवी सुरी लावून पातळ काप केले की धागे आखूड होतात, दातांना काम उरत नाही. धाग्याच्या दिशेने कापलं तर सुतळी चावल्यासारखं. माझ्या आईला वरचे दात नाहीत साहेब, तिने पाच-सहा काप खाल्ले, भाकरीत गुंडाळून.

भाजीला या वेळी शतावरी नाही. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा सीझन, जळगावच्या या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, हिरवं-पांढरट, पोटात बिया कमी. गच्चीवर पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्या पेटवून वांगी भाजली, बडगीत (लाकडी भांड्यात) हिरवी मिरची, लसूण घालून ठेचली, कांद्याची पात, दाणे, कोथिंबीर. सूनबाईला वाटलं स्टेकसोबत भरीत म्हणजे कायच्या काय होईल, पण धुराचा वास मटणाला असा काही धरून आला की बास. आणि मॅश्ड पोटॅटोच्या जागी कच्ची केळी, रावेरची, उकडून तुपावर मीठ-मिरी घालून घोटली. ती थोडी चिकट झाली, गरम गरम खाल्ली तर चालते, गार झाली की वॉलपेपर चिकटवा. हा माझा पराभव मान्य.

एक अडचण होती, भरीत मटणाच्या ताटात वाढायचं नाही असा बायकोचा हुकूम, कारण तिचा त्या दिवशी उपास नव्हता पण मार्गशीर्ष होता, ती मटण खात नव्हती. मग तिच्यासाठी आधी वेगळं काढलं, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत, आणि खरं सांगू का, जेवताना माझा डोळा तिच्याच ताटावर होता.

राहिला सॉस. ‘तव्याची चकाकी काढा’ म्हणून पहिल्या रविवारी सूनबाईने खरोखर तवा घासायला घेतला होता, आणि तो जो बुडाला चिकटलेला तपकिरी थर होता तो सगळा साबणाबरोबर मोरीत गेला. सॉस तोच तर होता! मटण काढल्यावर त्याच गरम तव्यात बारीक कांदा, भरपूर जाडीभरडी काळी मिरी, आणि मग अर्धी वाटी पाणी किंवा वाइन ओतून उलथण्याने तो थर खरवडून सोडवायचा, याला डिग्लेझ म्हणतात. वाइन नाशिकची आणायचा मुलाचा विचार होता, तो त्याच्या आजीसमोर बोलून दाखवायची त्याची हिंमत झाली नाही. आम्ही मटणाच्या नळ्यांचं (हाडं उकळलेलं) आळणी पाणी वापरलं, आणि माझं मत असं की ते वाइनपेक्षा कमी नाही, मटणाची चव मटणालाच परत. ते आटून निम्मं झालं की क्रीम. इथेही ‘जड मलाई’ने फसवलं, बायकोने घरच्या दुधाची साय फेटून दिली, उकळत्यात घातली आणि फाटली, दाणे दाणे झाले. तिकडचं हेवी क्रीम ३६ टक्क्यांच्या वर फॅटचं असतं, ते उकळी सोसतं. आपल्याकडचं पाकिटातलं २५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग क्रीम घालून नुसतं हलवायचं. आणि ताटलीत विश्रांती घेताना मटणाने जे चमचाभर पाणी सोडलेलं असतं ते शेवटी सॉसमध्येच ओतायचं, टाकायचं नाही. नातीने तो सॉस बोटाने पुसून खाल्ला, काटा-चमचा बाजूला पडला होता. मुलाने भाकरी मागितली. शेवटी सगळे हातानेच.

संपादक साहेब, तुमच्या पेपरवर राग नाही, घरात चाळीस वर्षं तोच येतो, वडिलांपासून. बाहेरच्या रेसिप्या छापू नका असंही म्हणत नाही, उलट छापा, मला आवडतात. पण छापायच्या आधी तुमच्या ऑफिसातल्या एखाद्याने, ज्याच्या घरी गॅस आहे आणि ओव्हन नाही, त्याने ती एकदा करून बघावी. नसेल जमत तर निदान एकदा मोठ्याने वाचून तरी बघावी, ‘मध्यम दुर्मिळ’ कानाला लगेच खटकलं असतं. आणि ते १४५ चं स्पष्टीकरण तेवढं येत्या रविवारी छोट्या चौकटीत छापा, कारण माझ्यासारखा दुसरा कोणीतरी आत्ता या क्षणी मटणात सुई खुपसून उभा असेल.

शतावरीची पावडर तशीच पडून आहे. दोनशे ग्रॅमचं पाकीट, एक्सपायरीला अजून दीड वर्ष. दुकानदार परत घेत नाही, आणि आमच्याकडे सध्या कोणी बाळंतीण नाही. रेसिपीचं भाषांतर ज्यांनी केलं त्यांचा पत्ता कळवलात तर स्पीड पोस्टाने पाठवून देतो.

आपला,
एक जुना वाचक,
भुसावळ, जि. जळगाव